हुगळीच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचा संसार

'पहिली स्त्री डॉक्टर कोण?' असं आपल्या वर्गातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर येईल, आनंदीबाई जोशी. इतिहासाच्या बाईंनी ते आपल्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं होतं. पण त्याच बाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता तर आपण सगळे खाली बघत बसलो असतो: आनंदीबाईंनी दवाखाना किती वर्षं चालवला? उत्तर आहे, एकही वर्ष नाही. मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक ठरली, आणि कामावर रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या क्षयाने गेल्या. तेव्हा त्यांना बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. दुसऱ्या रखमाबाई. त्यांनी १८९५ पासून सुरतेत आणि नंतर राजकोटात वर्षानुवर्षं रुग्ण तपासले, पण आपल्याला पाठ आहे तो त्यांचा कोर्टातला खटला. म्हणजे डॉक्टर स्त्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकतर शिक्षण उभं राहतं, नाहीतर लढा. रोजचं काम उभं राहत नाही. पहाटे चूल कोण पेटवत होतं, रात्रीच्या व्हिजिटला जायचं तर घरी कोणाला विचारायचं, महिन्याचा पगार कोणाच्या हातात पडत होता?

संपादक मंडळाने मला 'शाळेच्या आठवणी पुष्कळ आल्यात, तू काहीतरी वाचण्यासारखं दे' असं बजावलं म्हणून हा लेख. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करून मला ज्या प्रश्नांबद्दल कुतूहल वाटतं, ते हे असे, घरगुती. त्यांची उत्तरं मला मिळाली ती बंगालमध्ये, हुगळी नदीच्या काठच्या एका गावात.

गावाचं नाव चुंचुडा. इंग्रज त्याला चिन्सुरा म्हणत. कोलकात्याच्या उत्तरेला, नदीच्या पश्चिम काठावर. १८२५ पर्यंत ते डचांच्या ताब्यात होतं. शेजारी हुगळी, बंडेलचं पोर्तुगीजांचं चर्च, हुगळीचा इमामवाडा. जिल्ह्याची कचेरी, कॉलेज, वकील-मुन्सफांची वस्ती असं हे नीटनेटकं जिल्ह्याचं ठिकाण. या गावात १८९४ पासून १९३३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, एका बाईने डॉक्टरकी केली. तिचं नाव हैमवती सेन.

तिचा जन्म १८६६ च्या सुमाराचा, खुलना जिल्ह्यातला. आता तो भाग बांगलादेशात आहे. घोष आडनावाचं कुलीन कायस्थ जमीनदार घर. वडिलांची लाडकी. घराच्या बाहेरच्या भागात मुलांची शिकवणी चाले तिथे ही जाऊन बसायची आणि ऐकून ऐकून शिकायची. वडिलांना कौतुक, आईला धास्ती. शिकलेली मुलगी लवकर विधवा होते असं तेव्हा बायका मानत, आपल्याकडेही मानत.

नऊ-साडेनऊ वर्षांची असताना लग्न झालं. नवरा पंचेचाळीस वर्षांचा, डेप्युटी मॅजिस्ट्रेट, बिजवर, पहिल्या संसारातल्या मुली जवळजवळ हिच्याच वयाच्या. घरात बाहेरच्या बायका आणणारा माणूस. त्या घरातल्या रात्रींची आठवण पन्नास वर्षांनी लिहितानाही तिचा हात थरथरला असावा, असं ती पानं वाचताना वाटतं. एवढंच सांगते की ती भीतीने लाकडासारखी पडून राहायची. वर्षभरात नवरा आजारी पडून मेला आणि दहाव्या वर्षी हैमवती विधवा झाली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण त्या काळात हे एकट्या हैमवतीचं नव्हतं. १८९० मध्ये कोलकात्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने रक्तस्राव होऊन मेली. नवरा तिच्याहून कितीतरी मोठा, पुरता बाप्या. कायद्याने संमतीचं वय तेव्हा दहा होतं, त्यामुळे बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही आणि नवरा एक वर्षाच्या सक्तमजुरीवर सुटला. पुढच्या वर्षी संमतीवयाचा कायदा आला आणि दहाचं बारा झालं. त्या बारालाही कोलकात्यात मोठमोठ्या सभा घेऊन विरोध झाला, आणि पुण्यात टिळकांनी केसरीतून काय भूमिका घेतली हे आपण दहावीला दोन ओळींत वाचलं होतं. दोन ओळी कमी होत्या, असं आता वाटतं.

विधवा हैमवतीचे पुढचे दिवस म्हणजे एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे. वडील गेले, आई गेली. सासरच्या मालमत्तेतून काही मिळालं नाही, माहेरी भावांचं राज्य. ती काशीला गेली. काशीत बंगाली विधवांची गर्दी होती, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असणाऱ्यांचीही. तिथे मुलींच्या एका शाळेत थोडक्या पगारावर शिकवण्याचं काम तिने केलं. तरुण, एकटी, दिसायला चांगली बाई, हाच तिचा अपराध होता. स्वतः शिकल्याशिवाय गती नाही हे ओळखून ती कोलकात्याला आली आणि ब्राह्मो समाजातल्या लोकांच्या आधाराने राहिली. ब्राह्मोंमध्ये विधवाविवाहाला मान होता. १८९० मध्ये, पंचवीसच्या आसपास असताना, तिचं दुसरं लग्न झालं. नवरा ब्राह्मो, नाव कुंजबिहारी सेन.

आता कोणीही म्हणेल, सुटली. सुधारक नवरा, स्वतःच्या मर्जीचं लग्न, प्रौढ वय. मीही पुस्तकात इथपर्यंत आले तेव्हा हुश्श केलं होतं.

कुंजबिहारी वाईट माणूस नव्हते. त्यांना ईश्वर हवा होता. नोकरीत त्यांचं मन रमेना, पैसा मिळवणं त्यांना हलकं काम वाटे, आणि लग्नानंतर काही काळातच ते साधनेसाठी हिमालयाच्या वाटेला लागले. परत आले ते आजारी होऊन, आणि त्यांची सेवा बायकोने केली. हे वाचताना मला सारखी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येत होती. रेव्हरंड टिळकही असेच, न सांगता उठून जाणारे, घरातलं होतं-नव्हतं देऊन टाकणारे. लक्ष्मीबाई आणि हैमवती यांच्या वयात जेमतेम दोन वर्षांचं अंतर. फरक असा की लक्ष्मीबाई आपल्या नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला हसतात आणि आपल्यालाही हसवतात. हैमवती हसत नाही. तिने हिशेब मांडला आहे. टिळकांचा संसार त्यांच्या कवितेमुळे, मिशनच्या कामामुळे रडतखडत का होईना चालत होता. कुंजबिहारींचा संसार चालवायचा तर तो हैमवतीलाच चालवावा लागणार होता.

म्हणून तिने डॉक्टरकी शिकायचं ठरवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आनंदीबाईंच्या मागे गोपाळरावांची जिद्द होती. कादंबिनी गांगुलींच्या मागे त्यांचे पती द्वारकानाथ उभे होते, इतके की 'बंगबासी' या पत्राने कादंबिनींवर घाणेरडा आरोप केला तेव्हा संपादकाला सहा महिने तुरुंगात जावं लागलं. हैमवतीच्या मागे कोणाची प्रेरणा नव्हती. घरात पैसे नव्हते, एवढंच होतं.

कोलकात्याच्या सियालदह भागात कॅम्पबेल मेडिकल स्कूल होतं, आजचं नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज. १८८८ पासून तिथे बायकांना प्रवेश मिळू लागला. शिक्षण बंगालीतून, अभ्यासक्रम तीन वर्षांचा, शेवटी 'व्हर्नाक्युलर लायसन्शिएट इन मेडिसिन अँड सर्जरी' ही पदविका. मेडिकल कॉलेजातल्या पदवीपेक्षा हे खालचं. आपल्या भाषेत सांगायचं तर डिग्री नव्हे, डिप्लोमा. हैमवती संसार सांभाळून तो शिकली आणि परीक्षेत मुलांच्या वर नंबर काढला. सुवर्णपदक तिचं होतं.

मुलांनी ते होऊ दिलं नाही. बाईला सुवर्णपदक म्हणजे काय! निदर्शनं झाली, मुलं वर्गात बसेनात. शेवटी वरिष्ठांनी तडजोड काढली. हैमवतीने सुवर्णपदकावरचा हक्क सोडावा, त्याऐवजी रौप्यपदक घ्यावं आणि दरमहा तीस रुपये विद्यावेतन घ्यावं. तिने ते घेतलं.

आमच्या ऑफिसातल्या मुलींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा दोघी-तिघी चिडल्या. तिने लढायला हवं होतं म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. तीस रुपयांत तेव्हा घर चालत होतं, आणि घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. पदक सोन्याचं की चांदीचं हा प्रश्न पोट भरलेल्या माणसाला परवडतो. ज्यांनी संप केला त्या मुलांची नावं आज कोणाला सांगता येणार नाहीत, हेही खरं.

१८९४ मध्ये तिला हुगळीच्या लेडी डफरिन स्त्री रुग्णालयाचा ताबा मिळाला. इथून पुढे मी त्यांना 'अहो' म्हणणार, कारण आता त्या डॉक्टरीणबाई आहेत.

डफरिन फंडाबद्दल दोन शब्द. व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन यांनी १८८५ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सांगण्यावरून, हिंदी स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून हा निधी काढला. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत, बाळंतपणं सुईणींच्या हाती होती, धनुर्वात आणि सूतिकाज्वराने बायका मरत. निधीतून गावोगावी दवाखाने निघाले. पण डॉक्टरणींच्या तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वर विलायतेत शिकलेल्या, बहुतेक गोऱ्या. मध्ये इथल्या कॉलेजांतून शिकलेल्या असिस्टंट सर्जन. तळाला हॉस्पिटल असिस्टंट, म्हणजे कॅम्पबेलसारख्या शाळांतून आलेल्या. १८८८ मध्ये कादंबिनी गांगुलींना कोलकात्यात महिना तीनशे रुपये मिळाले. हैमवतीबाईंचा पगार त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, आणि जबाबदारी मात्र अख्ख्या रुग्णालयाची. ज्युनियरच्या ग्रेडवर सीनियरचं काम करून घेणं हा प्रकार आपल्या आयटीवाल्यांनी शोधलेला नाही, हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, ते ठरवता येत नाही.

त्यातून वर बसलेला असिस्टंट सर्जन त्यांच्या मागे लागला. बाई दाद देईनात तसा त्याने कामात खोड्या काढायला, तक्रारी करायला सुरुवात केली. बाईंनी हे सगळं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आज त्याला नाव आहे, कायदा आहे, ऑफिसात समिती आहे. तेव्हा होतं ते एवढंच: नोकरी सोडा, किंवा दात आवळून काम करा. त्या १९१० पर्यंत त्या रुग्णालयात राहिल्या. सोळा वर्षं.

आणि घर? आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते.

हैमवतीबाई पहाटे उठत. झाडलोट, स्वयंपाक, मुलांचं आवरणं, नवऱ्याचं हवं-नको बघणं, मग रुग्णालय. परत येऊन पुन्हा चूल. मध्ये गावातली खाजगी बोलावणी. मुलं पाच झाली, त्यांची बाळंतपणं याच धबडग्यात. आणि पगार आला, फीचे पैसे आले, की ते सगळे कुंजबिहारींच्या हातात द्यायचे. घरखर्चाला लागतील ते त्यांच्याकडून मागून घ्यायचे. गावातल्या अडलेल्या बाळंतिणीला सोडवणारी, जमीनदारांच्या घरी मेणा पाठवून आदराने बोलावली जाणारी ही बाई स्वतःच्या पैशांसाठी नवऱ्यापुढे हात पसरत होती. त्या पैशांचं काय करायचं हे न कमावणारा माणूस ठरवत होता.

कायदा काय म्हणत होता, हे मी मुद्दाम शोधलं. १८७४ मध्ये इंग्रज सरकारने लग्न झालेल्या बाईची कमाई तिची स्वतःची, असा कायदा केला होता. पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन बायका त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे मडमेला पगार स्वतःच्या पेटीत ठेवता येई. बंगालच्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे बाईने कष्टाने मिळवलेल्या धनावर हयातीत नवऱ्याची सत्ता. ब्राह्मो लोक मूर्तिपूजा सोडून आले होते, जानवं टाकून आले होते, विधवेशी लग्न करत होते. तिजोरीच्या किल्ल्यांपर्यंत मात्र सुधारणा पोचली नव्हती. हैमवतीबाईंच्या घरात कोणी कायद्याचं पुस्तक उघडून बघितलंही नसेल. नवरा मागतो आणि बायको देते, एवढ्यावरच ते चालत होतं.

मग त्या देत का होत्या? यावर मी बराच विचार केला. दहा वर्षांच्या विधवेला जगात कोणी वाली नसला की काय होतं, हे त्यांनी काशीत आणि त्याआधीही बघितलं होतं. नवरा कसाही असो, त्याच्या नावाने दाराला कडी लागत होती. सुधारकांच्या वर्तुळातही नवऱ्याविना काम करणाऱ्या बाईकडे लोक कसे बघत ते त्या जाणून होत्या. पगार ही त्या कडीची किंमत होती, असं माझं मत. त्यांनी ती दिली आणि मनात नोंदवूनही ठेवली. शिवाय पतीची सेवा हा धर्म आहे असं त्यांना मनापासून वाटतही होतं. एकाच पानावर त्या नवऱ्याच्या पायाशी बसतात आणि त्याच्या बेपर्वाईवर बोटही ठेवतात. वाचणाऱ्याला गोंधळ होतो, पण लिहिणारीला झालेला दिसत नाही.

कुंजबिहारींची बाजू आपल्याकडे नाही, हेही सांगायला हवं. आमच्या धंद्यात एकाच सर्व्हरचा लॉग वाचून निदान करू नये म्हणतात. त्यांनी वही लिहिली असती तर त्यात कदाचित एक साधक दिसला असता, ज्याला संसारात अडकवलं गेलं. पण पाच मुलांची पोटं ईश्वराने भरली नाहीत, ती कोणी भरली ते स्पष्ट आहे.

आपल्या वर्गातल्या मुली पहिल्यांदा नोकरीला लागल्या त्याला आता पंचवीस वर्षं झाली. पहिला पगार कोणाच्या हातात ठेवला, हे पुढच्या स्नेहसंमेलनात एकमेकींना जरूर विचारा. बापाच्या, आईच्या, देवापुढे, नवऱ्याच्या. आणि आज तुमच्या कार्डाचा पिन घरात आणखी कोणाला माहीत आहे, तेही विचारा. माझ्या टीममधली एक मुलगी, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, स्वतःला लॅपटॉप बॅग घ्यायची तरी 'घरी विचारून सांगते' म्हणते. मी तिला हैमवतीबाईंचं पुस्तक दिलं होतं. वाचून तिने परत केलं, काही बोलली नाही.

कुंजबिहारी बाईंच्या आधी गेले. त्या दुसऱ्यांदा विधवा झाल्या, पण पहिल्या वेळेसारखं दुसऱ्याच्या दारात जावं लागलं नाही. घर त्यांच्याच कमाईवर उभं होतं. रुग्णालय सोडल्यावर चुंचुड्यातच त्यांनी खाजगी दवाखाना चालवला. आणि आणखी एक काम त्या करत राहिल्या. टाकून दिलेली मुलं, बाळंतपणात आई गेलेली अर्भकं, निराधार बायका त्यांच्या घरी येत आणि राहत. कित्येक मुलं त्यांनी वाढवली, शिकवली, मुलींची लग्नं लावून दिली. असं आयुष्यभरात शेकडो मुलांचं केलं. एका डॉक्टरीणबाईच्या प्रॅक्टिसवर इतक्या ताटांची सोय कशी झाली असेल, याचं गणित मला अजून सुटलेलं नाही. आता पैसे कोणाला द्यायचे हे त्यांना कोणाला विचारावं लागत नव्हतं, हे त्या गणितातलं एक उत्तर असू शकेल.

१९२० च्या दशकात, साठीच्या आसपास, त्यांनी रेघांच्या वह्यांमध्ये बंगालीत हे सगळं लिहून काढलं. १९३३ मध्ये त्या गेल्या. पुढच्याच वर्षी इकडे 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग छापून आला आणि लक्ष्मीबाई घराघरांत पोचल्या. हैमवतीबाईंच्या वह्या मात्र कुटुंबात तशाच पडून होत्या. तपन रायचौधुरी या इतिहासकारांनी त्यांचं इंग्रजी भाषांतर केलं, जेराल्डिन फोर्ब्ज यांनी त्यांच्याबरोबर संपादन केलं, आणि २००० मध्ये, म्हणजे आपल्यातले निम्मे जण नोकरी शोधत होते तेव्हा, पुस्तक निघालं.

माझी प्रत मी स्नेहसंमेलनाला घेऊन येणार आहे. ज्याला हवी त्याने न्यावी. इंग्रजी सोपं आहे. फक्त वाचून झाल्यावर ती पुढच्याला द्या, आणि कोणाला दिली ते वर्गाच्या ग्रुपवर लिहा.